जाम झालेला चिमट्याचा बोल्ट: काढायचा कसा आणि फ्रेम वाचवायची कशी

(एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे थोडं नीट करून लिहिलंय. हाताला ग्रीस लागलेलं असताना ऑडिओ मागेपुढे करणं जमत नाही, म्हणून.)

आजचा अख्खा भाग एका बोल्टवर आहे. वीतभर लांब, बोटाएवढा जाड. गाडी नवी असताना हा बोल्ट काढायला पाच मिनिटं लागतात. तोच बोल्ट पंधरा-वीस वर्षं कुणी हलवला नाही, तर तो काढायला दोन दिवस जाऊ शकतात. आणि घाई केली तर गाडीची फ्रेमच वाया जाऊ शकते.

मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं, त्या लोखंडी काट्याला पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवर विचारा, मिस्त्री त्याला चिमटाच म्हणेल. आकारही चिमट्यासारखाच आहे. चिमट्याचं मागचं टोक चाकासोबत वर-खाली होतं, आणि पुढचं टोक इंजिनच्या मागे फ्रेमच्या दोन कानांमध्ये एका आडव्या बोल्टवर टांगलेलं असतं. तो आडवा बोल्ट म्हणजे पिव्होट. दाराला बिजागरी असते ना, तेच काम. फरक इतकाच की या बिजागरीवर मागे बसलेला माणूस असतो, मांडीवरची पोर असते, कधी युरियाची ४५ किलोची चुंगडी असते, आणि वरून चेनची ओढ.

जगात सगळ्या गाड्यांना असा चिमटा पहिल्यापासून नव्हता. जुन्या मोटारसायकलींचं मागचं चाक सरळ फ्रेमलाच पक्कं असायचं, खड्ड्याचा दणका थेट पाठीच्या मणक्याला. दुसऱ्या महायुद्धानंतर चिमटा आणि शॉकअप ही जोडी रुळली. १९४९ ची रॉयल एनफील्ड बुलेट त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिल्यावर तीच रचना आपल्या रस्त्यांवर आली. पण भंडारा जिल्ह्यात आज ज्या जुन्या गाड्या खरोखर रोज चालतात, त्यात बहुतेक हिरो होंडाच्याच. १९८५ ला आलेली सीडी १००, १९९४ ला आलेली स्प्लेंडर. बाबांनी घेतलेली, मग मोठ्या भावाने चालवलेली, आता तुमच्या हातात आलेली. म्हणून मी मुख्यतः याच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बोलतोय.

आपल्याकडेच हा बोल्ट इतका का जाम होतो?

कारण आपण भाताच्या मुलखात राहतो. जुलैमध्ये लाखनी, साकोली, पवनी, कुठल्याही बाजूला जा. रोवणीचे दिवस असतात, गाडी पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन थेट बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाते. चिखल उडतो तो नेमका इंजिनच्या मागे, चिमट्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. वाळतो, पुन्हा भिजतो. तो ओला चिखल आतल्या लोखंडाला पोटीस बांधल्यासारखा चिकटून राहतो.

त्यात खत. पोटॅश म्हणून जे लाल-पांढरं खत मिळतं, ते म्युरेट ऑफ पोटॅश असतं, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. क्लोराईड लोखंडावरचा बारीक संरक्षक थर फोडतं आणि गंज वेगाने वाढतो. समुद्रकाठच्या गाड्या लवकर गंजतात हे आपण ऐकलेलं असतं. आपल्याला समुद्र नाही, पण सीटवरून नेलेली गळकी चुंगडी तेच काम करते.

तिसरं कारण ऐकून काही जण नाराज होतील. वॉशिंग सेंटरचं प्रेशर. पाण्याची ती बारीक जोरदार धार चिमट्याच्या तोंडावर मारली की पाणी आत शिरतं, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नसते. गाडी वरून चकाचक, आतून ओली.

आणि २०२० चा पूर आठवतोय? ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडलं गेलं होतं, आणि भंडारा शहरात वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. पाण्याखाली गेलेल्या गाडीचं इंजिन ऑइल लोक बदलतात, कार्ब्युरेटर साफ करतात, वायरिंग वाळवतात. गाडी चालू झाली की काम संपलं असं वाटतं. चिमट्याचा बोल्ट कोण काढून बघतो? जुनी गाडी विकत घेताना ती पुरात होती का, हा प्रश्न भंडाऱ्यात विचारायलाच हवा. मालक खरं सांगेलच असं नाही, पण हा बोल्ट सांगतो.

आता जाम होणं म्हणजे नेमकं काय, ते. गंज म्हणजे लोखंड अधिक ऑक्सिजन अधिक पाणी, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. प्रकारानुसार साधारण दोन ते सहा पट. बोल्ट आणि त्याच्या भोवतीच्या नळीत फट असते केसाएवढी. त्या फटीत गंज तयार झाला की तो फुगतो, आणि फुगायला जागा नसल्याने दोन्ही बाजूंना दाबत सुटतो. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई गंजली की काँक्रीट फुटून पडतं, तोच हा दाब. इथे काही फुटत नाही, फक्त बोल्ट आणि नळी एकजीव होतात.

आधी ओळखा, तुमचा चिमटा कुठल्या जातीचा

हे समजल्याशिवाय हातोडा उचलू नका. कारण दोन जाती आहेत आणि त्यांचं वागणं अगदी उलट.

पहिली जात रबर बुशची. स्प्लेंडर, सीडी १०० यातल्या. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बुश ठोकून बसवलेला असतो. त्या बुशला बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि मध्ये दोघांना चिकटलेलं रबर. बोल्टचा नट आवळला की आतली नळी फ्रेमच्या कानांमध्ये घट्ट दाबली जाते. ती फिरतच नाही, फिरायची अपेक्षाही नाही. चिमटा वर-खाली होतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. याचा अर्थ असा की या गाडीत बोल्ट नळीला गंजून चिकटला तरी चालवताना तुम्हाला काहीही कळत नाही. कळतं तेव्हा, जेव्हा रबर म्हातारं होऊन फाटतं, मागचं चाक डोलायला लागतं, आणि बुश बदलायला बोल्ट काढावा लागतो.

दुसरी जात साध्या बुशची. यात रबर नसतं. पितळी, गनमेटलचा किंवा प्लास्टिकचा बुश आणि त्यात खरोखर फिरणारी लोखंडी नळी, सोबत बहुतेक वेळा ग्रीस भरायचं निप्पल. इथे नळी बुशमध्ये जाम झाली तर गोष्ट गंभीर. चिमटा तर हलणारच, कारण खड्डा त्याला हलवतोय. मग नळीच्या ऐवजी अख्खा बोल्ट फ्रेमच्या कानांत फिरायला लागतो आणि कानाचं गोल भोक हळूहळू अंड्यासारखं होतं.

आणि इथेच या सगळ्या भागातली मुख्य गोष्ट येते. बोल्ट नवा मिळतो. बुशची जोडी तर पेट्रोलची टाकी फुल करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. चिमटाही मिळतो, नवा किंवा जुना. पण फ्रेमवर चेसिस नंबर कोरलेला असतो, तोच आरसी बुकात असतो, तीच गाडीची ओळख. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. फ्रेम बदलणं म्हणजे कागदांचं मोठं लचांड. म्हणून सगळ्या कामात एकच हिशोब ठेवा: बोल्ट गेला तर जाऊ द्या, बुश गेले तर जाऊ द्या, अगदी चिमटा गेला तरी चालेल. फ्रेमचे दोन कान वाचले पाहिजेत.

ढिला आहे का, हे कसं बघायचं

गाडी डबल स्टँडवर. एकाने पुढून हँडल धरायचं. तुम्ही मागे बसून चिमट्याचं मागचं टोक, चाक नव्हे, चिमटाच, दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे ढकलायचं. पिव्होटपाशी 'टक टक' जाणवलं तर बुश गेले. फक्त चाक हलतंय आणि चिमटा स्थिर आहे, तर तो चाकाच्या बेअरिंगचा विषय, या भागाचा नाही. एवढा साधा फरक न बघता बेअरिंगचे पैसे देऊन येणारे लोक भरपूर आहेत.

थोडासा ढिला चालतो, असं म्हणू नका. चिमट्याच्या दोन बुशांमधलं अंतर वीतभर, आणि तिथून चाकाचा अ‍ॅक्सल त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब. म्हणजे पिव्होटपाशी एक मिलिमीटर खेळ असेल तर चाकापाशी तो दोन-अडीच होतो. रिकाम्या गाडीत फारसं कळत नाही. मागे दोघं बसलेत, हायवेवर साकोलीकडून ट्रक समोर आला, त्याच्या वाऱ्याचा झोत बसला, की गाडी मागून मासळीसारखी शेपटी हलवते. चेनही तिरकी चालते, स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने झिजतात.

काम सुरू करण्याआधी

रिंग पाने हवेत, फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतील. दोन किलोचा हातोडा. एक-दीड हात लांब पाईप, पान्याला जोडायला. हेक्सा ब्लेड, चांगलं बाय-मेटलचं. वायर ब्रश. डोळ्यांना चष्मा, हा ऐच्छिक नाही. आणि एक पितळी गज, बोल्टपेक्षा थोडा बारीक. लोखंडाने ठोकलं तर बोल्टचं तोंड पसरतं, छत्रीसारखं होतं, आणि मग तो भोकातून निघूच शकत नाही. पितळ मऊ असतं, ते स्वतः मार खातं. भांड्यांच्या पितळेसाठी ज्या शहराचं नाव आहे तिथे पितळेचा तुकडा मिळाला नाही, असं कारण मी ऐकून घेणार नाही.

इंजिनखाली लाकडी ठोकळे लावा, गाडी हलता कामा नये. मागचं चाक, चेन, चेन कव्हर, ब्रेकचा रॉड, शॉकअपचे खालचे बोल्ट, सगळं सोडा. बोल्ट ज्या बाजूने बाहेर येणार, म्हणजे त्याचं डोकं आहे ती बाजू, तिथे सायलेंसर किंवा फूटरेस्ट आड येतोय का ते आत्ताच बघा. अर्धा बोल्ट बाहेर आल्यावर सायलेंसर आडवा आला की फार चिडचिड होते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा.

चिमट्याच्या तोंडाशी साचलेला चिखल खरवडून काढा, ब्रश मारा. कोरड्या मातीवर तेल टाकलं तर ते माती पिते, गंजापर्यंत पोचत नाही.

तेल आणि धीर

गंज सोडवणारा स्प्रे बाजारात मिळतो. डिझेलही चालतं, फक्त हळू. रॉकेल पूर्वी सगळे वापरायचे, आता ते सहज मिळत नाही. काही मिस्त्री पातळ एटीएफ आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळतात. ते चांगलं झिरपतं, पण पटकन पेट घेतं, रंग उडवतं आणि रबर खातं. बुश तर फेकायचेच आहेत म्हणून रबराचं दुःख नाही, पण बिडीवाल्या मदतनीसाला लांब ठेवा.

खरी अडचण तेलाची नाही, वाटेची आहे. गंज आत, नळीच्या लांबीभर. उभ्या गाडीत आडव्या बोल्टवर तेल मारलं की ते ओघळून जमिनीवर. उपाय सोपा आहे. टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरी काढा, आणि जाड गोणपाटावर गाडी एका कुशीवर झोपवा. आता बोल्ट उभा झाला. वरच्या तोंडाभोवती चिकणमातीचं किंवा पिठाचं आळं करा आणि त्यात तेल भरून ठेवा. रात्रभर. दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुशीवर. रविवारी संध्याकाळी गाडी हवी आहे म्हणून रविवारी सकाळी काम सुरू करणाऱ्यांनी इथेच थांबावं.

आधी फिरवा, मग ठोका

नट सोडा, पण काढून टाकू नका. नंतर ठोकायचं आहे, तेव्हा नट बोल्टच्या टोकाशी बरोबर येईल इतका मागे आणा. त्यामुळे आटे वाचतात आणि मार नटावर वाटला जातो.

मग डोक्याला रिंग पाना, त्याला पाईप, आणि फिरवायचा प्रयत्न. एकदम झटका नाही, सावकाश जोर. इथे हाताला जे जाणवतं ते नीट वाचा. बोल्ट थोडा फिरतो आणि सोडल्यावर स्प्रिंगसारखा परत येतो? म्हणजे बोल्ट नळीला चिकटलाय आणि तुम्ही रबर पिळताय. अजिबात हलत नाही? मग बहुधा फ्रेमच्या कानातही गंज धरलाय. 'चर्र' आवाज करून फिरायला लागला? अर्धी लढाई जिंकली. थोडा पुढे, थोडा मागे, मध्ये तेल, असं करत राहा. पुढे-मागे फिरवल्याने गंजाचा भुगा होतो आणि तेलासोबत बाहेर येतो. तेल लाल-काळं दिसायला लागलं की समजा काम होतंय.

ठोकायची वेळ आली तर वीस हलक्या टपल्यांपेक्षा एक सरळ, भरलेला घाव बरा. हलक्या टपल्यांनी फक्त बोल्टचं तोंड पसरतं. आणि ठोकताना दुसरा माणूस हवाच. त्याने पलीकडच्या कानावर, बोल्टच्या डोक्याभोवती बसेल असा जाड पाईपचा तुकडा ठेवायचा आणि त्यामागे जड हातोडा टेकवून धरायचा. हा ठेका नसेल तर तुमचा प्रत्येक घाव फ्रेमच्या कानाला बाहेर वाकवतो. फ्रेमचा पत्रा काही रेल्वेचा रूळ नाही. आठ-दहा चांगल्या घावांत बोल्ट तसूभरही सरकला नाही, तर थांबा. हट्ट इथे सोडायचा.

गॅसने तापवायचं का? साध्या बुशच्या गाडीत, हो, जपून. गणित सांगतो. लोखंड दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. १४ मिलिमीटरच्या बोल्टभोवतीची नळी बोल्टपेक्षा २०० अंश जास्त तापली, तर तिचं भोक ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. अट अशी की नळी तापली पाहिजे आणि बोल्ट थंड राहिला पाहिजे. दोन्ही सारखेच तापवले तर दोन्ही सारखेच वाढतील, हाती फक्त धूर. रबर बुशच्या गाडीत मात्र गॅस नकोच. नळीपर्यंत उष्णता पोचायच्या आधी रबर पेटतं, त्याचा काळा धूर फुप्फुसाला वाईट, आणि वर टाकीत पेट्रोलची वाफ असते. शिवाय कान लाल होईपर्यंत तापवला तर फ्रेम तिथे कायमची कमजोर होते.

ठोकण्याऐवजी ओढायची एक युक्ती आहे, मला ती जास्त आवडते. बोल्टच्या डोक्यावर वेल्डिंगवाल्याकडून जाड आट्यांचा रॉड सरळ रेषेत जोडून घ्या. त्यावर जाड पाईप चढवा, पाईपचं तोंड फ्रेमच्या कानावर टेकेल. मग जाड वॉशर, मग नट. नट आवळत गेला की बोल्ट पाईपमध्ये ओढला जातो. जोर सगळा सरळ रेषेत, फ्रेमला वाकवणारा दणका नाही. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये जाते, तो वाढून आक्रसतो, तेवढ्यानेही कधीकधी गंज फुटतो. वेल्डिंगआधी बॅटरी, सीडीआय, रेग्युलेटर यांची जोडणी काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा. नाहीतर करंट गाडीभर फिरून भलतंच काहीतरी जाळेल.

शेवटचा उपाय: कापणे

कापणं म्हणजे हार नाही. खूप गंजलेल्या गाडीत मी तर म्हणेन सरळ इथेच या. चिमटा आणि फ्रेमचा कान यांच्यामध्ये, बुशची आतली नळी थोडी पुढे आलेली असल्याने, बारीक फट असते. त्या फटीत हेक्सा ब्लेड जातं. फ्रेम काढा, नुसतं ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळून मूठ करा. हीच एक 'फ्रेम' या कामात काढून टाकायची. नळी आणि बोल्ट दोन्ही एकदम कापायचे, दोन्ही बाजूंना. दात पुढच्या दिशेला, लांब सावकाश हात, मधून तेलाचा थेंब. एका बाजूला तासभर जाऊ शकतो. ब्लेड दोन-तीन जास्तच आणा.

ग्राइंडर घेऊन बसणारे असतात. होतं लवकर, कबूल. पण चकती गोल आहे, फट सरळ आहे, आणि चकती हमखास कानात शिरते. ठिणग्या कार्ब्युरेटरपासून वीतभर अंतरावर. ब्लेडच बरं.

दोन्ही काप झाले की चिमटा मोकळा होऊन हातात येतो. कानांत उरतात बोल्टचे दोन छोटे तुकडे. त्यांची पकड जेमतेम कानाच्या जाडीएवढी, ते आतून बाहेर ठोकले की निघतात. ठेका इथेही विसरू नका.

चिमटा हातात आल्यावर

जुने बुश काढायला शेगडा, म्हणजे वाइस, आणि दोन गोट्या लागतात. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या कड्यापेक्षा जरा लहान गोटी, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल अशी मोठी. शेगडा आवळला की बुश मोठ्या गोटीत सरकतो. हटला नाही तर रबर कापून काढा आणि बाहेरच्या कड्याला आतून ब्लेडने लांबीत एक चीर पाडा. कडं सैल होतं. चीर चिमट्याच्या नळीत उतरता कामा नये, मध्येमध्ये टॉर्च लावून बघा. रबर जाळून काढणारे दिसतील, तुम्ही करू नका.

आता फ्रेमचे कान पुसा आणि नवा बोल्ट नुसता घालून बघा. तो दोन्ही कानांतून हाताने सरळ जायला हवा आणि डुगडुगायला नको. भोक अंडाकार झालं असेल तर वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावं लागतं, आणि दोन्ही कानांची भोकं एकाच रेषेत, एकाच बैठकीत पाडावी लागतात. हे नाक्यावरच्या ड्रिलचं काम नाही. तुमच्या गावात तसा लेथवाला नसेल तर भंडाऱ्याला, नाहीतर नागपूरला न्या. साठ किलोमीटर काही फार नाही, फक्त गाडी टेम्पोत न्या, चालवत नको.

नवा बोल्ट गाडीच्या कंपनीचा किंवा विश्वासाच्या ब्रँडचा घ्या. साध्या सळईतून लेथवर करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, ते लोखंड मऊ असतं. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्टही नको. कानाच्या भोकात गुळगुळीत दांडा बसायला हवा, आटे बसले तर ते कानसीसारखे भोक खातात. आणि तो सरळ आहे का, हे काचेवर लोळवून बघा.

नवे बुश बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या नळीवर दाब दिला की रबर लोखंडापासून सुटतं आणि नवा बुश बसायच्या आधीच जुना होतो. चिमट्याची नळी आतून साफ करा, साबणाचं पाणी लावा, बुश सरळ धरा, सावकाश दाबा. तिरका जातोय असं वाटलं की काढून पुन्हा.

बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ, पण सगळीकडे सारखा थर द्या. रबराला ग्रीस लावू नका, साधं ग्रीस रबर फुगवतं. आट्यांवरचं ग्रीस पुसून टाका, कारण ग्रीसवर नट वाजवीपेक्षा जास्त आवळला जातो. जुना लॉक नट पुन्हा वापरू नका.

आवळायची वेळ, जी बहुतेक जण चुकवतात

हा भाग फक्त रबर बुशच्या गाड्यांसाठी. बोल्ट घातलात, नट हाताने बसवलात. आता पक्का आवळायचा मोह होईल, कारण गाडी स्टँडवर आहे आणि हात पोचतोय. थांबा. या अवस्थेत चिमटा खाली लोंबतोय. आत्ता आवळलं तर आतली नळी याच स्थितीत पक्की होईल, म्हणजे रबराच्या दृष्टीने 'आराम' म्हणजे लोंबणं. मग गाडी जमिनीवर आली, तुम्ही बसलात, की रबर कायम पिळलेलं. दिवसभर, वर्षभर. असं रबर लवकर फाटतं, आणि लोक म्हणतात बुशचा मालच खराब होता.

म्हणून शॉकअप जोडा, चाक बसवा, गाडी स्टँडवरून उतरवा, एकाला सीटवर बसवा, दोनदा खाली दाबून सोडा, आणि मग नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. टॉर्क पाना नसेल तर या एका नटासाठी ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे जा.

साध्या बुशच्या गाडीत ही भानगड नाही. तिथे निप्पलमधून ग्रीस भरत राहा, जुनं काळं ग्रीस दोन्ही कडांनी बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत.

चेन बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. त्या खुणांवर फार विश्वास नसेल, जुन्या गाडीत ठेवूही नये, तर दोन्ही चाकांना लागून लांब दोरी ताणून बघा. शंभर किलोमीटरनंतर नट, चेन आणि शॉकअपचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा.

आणि दरवर्षी मृग लागायच्या आधी अर्धा तास काढा. नट सोडा, बोल्ट पितळी गजाने अर्धा बाहेर ठोका, पुसा, ग्रीस लावा, परत आत. मग दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग. गज बोल्टच्या मागोमाग आत गेला की चिमटा जागेवरून हलत नाही, चाकही काढावं लागत नाही. फक्त शेवटी नट आवळताना गाडी पुन्हा चाकांवर उभी करायची.